विमानाचा रंग आणि वैद्याची नजर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या माणसाला विमानाची ओळख डोळ्यांआधी कानांनी होते. दाना ओलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर वाळवण राखीत बसलेली आई आकाशात गडगडाट झाला, की वर न पाहताच "मिराज गेलं" म्हणत असे. आम्ही भावंडे मान वर करीपर्यंत ते विमान आवाज मागे ठेवून दिसेनासे झालेले असे. फ्रान्समध्ये बनलेली मिराज २००० विमाने १९८५ साली महाराजपूरच्या वायुसेना तळावर दाखल झाली आणि वायुसेनेने त्यांचे 'वज्र' असे नामकरण केले. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लेसरच्या साहाय्याने अचूक मारा करणारी विमाने हीच, आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटच्या कारवाईत भाग घेणारीही हीच. त्यामुळे मिराज हे ग्वाल्हेरकरांना किल्ल्याइतकेच आपले वाटते.

या लेखाचा विषय मात्र खरे विमान नाही. संगणकाच्या पडद्यावरचे विमान, त्याला रंगवण्याचा एक आगळा छंद आणि त्या छंदाने एका डॉक्टरला शिकवलेला धडा, हा तो विषय आहे. तो डॉक्टर मी स्वतःच असल्यामुळे धड्याचा कडूपणा कमी करून सांगण्याचे काही कारण नाही.

खेळातले विमान

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'फ्लाइट सिम्युलेटर' हा नेहमीच्या अर्थाने खेळ नव्हे. त्यात शत्रू नाही, लूट नाही, जिंकणे-हरणे नाही. विमान धावपट्टीवर उभे असते. ते सुरू करावे, वाऱ्याची दिशा पाहावी, उडवावे आणि सुखरूप खाली आणावे, एवढाच त्यातला पुरुषार्थ. मायक्रोसॉफ्टने या नावाची पहिली आवृत्ती १९८२ साली काढली. तेव्हा पडद्यावरचे विमान आणि जमीन म्हणजे काही रेघा होत्या. २००६ साली आलेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' या आवृत्तीपर्यंत त्या रेघांचे हुबेहूब विमान झाले होते. २००९ मध्ये कंपनीने तो विभागच बंद केला, तरीही जगभरच्या हौशी मंडळींनी ही आवृत्ती पुढे अनेक वर्षे जिवंत ठेवली. त्यानंतर २०२० आणि २०२४ साली नव्या आवृत्त्या आल्या.

माझा भाचा २०१३ मध्ये आठवीत होता. संगणक आमच्या घरी, दवाखान्याच्या वरच्या खोलीत. शाळा सुटली की तो मामाकडे येई, आजीच्या हातचे काही खाई आणि वर जाऊन उड्डाणाला लागे. मोठेपणी वायुसेनेत वैमानिक व्हायचे, हे त्याने ठरवले होते आणि घरातल्या सर्वांनी ते गृहीत धरले होते. खेळातल्या मूळ विमानांवर काल्पनिक कंपन्यांचे रंग होते. त्याला हवे होते आपल्या डोक्यावरून जाणारे ग्वाल्हेरचे मिराज. कुठूनसे त्याने मिराजचे प्रारूप मिळवले, पण त्यावर फ्रेंच वायुसेनेची चिन्हे होती. ती पुसून आपली चिन्हे घालायची, असा निश्चय करून तो कामाला लागला. या कामाला त्या जगात 'स्किन' बनवणे म्हणतात. विमानाची कातडी, किंवा मराठीला शोभेल असे म्हणायचे तर विमानाचे वस्त्र.

बेतलेले कापड

पडद्यावरचे विमान ही हजारो लहान त्रिकोणांच्या जाळीची पोकळ आकृती असते. तिला स्वतःचा रंग नसतो. तिच्यावर चढवलेले सपाट चित्र म्हणजे स्किन. वाटोळ्या विमानावर सपाट चित्र कसे चढवायचे, हा प्रश्न शिंप्याला विचारावा. सदऱ्याची पाठ, बाह्या, कॉलर कापडावर सुटी सुटी बेतलेली असतात. शिवल्यावरच त्यांचा अंगाशी मेळ बसतो. तसेच विमानाचे धड, पंख, शेपूट यांची त्वचा जणू सोलून एका चौकोनी कागदावर पसरलेली असते. आम्हा डॉक्टरांना भाजलेल्या रुग्णाच्या त्वचेचे टक्के मोजण्यासाठी वापरतात तो मानवाकृतीचा आराखडा आठवेल. तेथेही गोल देह कागदावर सपाट केलेला असतो.

हा चौकोन किती मोठा, यावर कामाची बारकाई ठरते. त्या काळी बहुधा १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा चौकोन वापरीत. मिराजची लांबी १४.३६ मीटर. ती सबंध लांबी अशा एका चौकोनात बसवली, तर एक ठिपका म्हणजे विमानाच्या अंगावरचे सुमारे १.४ सेंटिमीटर. अशा कागदावर रिव्हेटचे डोके काढताच येत नाही. त्याचा केवळ भास निर्माण करावा लागतो. आता ४०९६ ठिपक्यांचे चौकोन सर्रास वापरतात आणि एक ठिपका साडेतीन मिलिमीटरवर येतो.

मग थर येतात. चांगल्या प्रारूपाबरोबर कोरा आराखडा मिळतो. त्यात पत्र्यांचे सांधे एका थरावर, रिव्हेट दुसऱ्यावर, तेलाचे ओघळ आणि धुरकटपणा तिसऱ्यावर. मूळ रंग या सर्वांच्या खाली भरायचा, म्हणजे सांधे व ओघळ आपोआप वर उमटतात. चित्राच्या आणखी एका अदृश्य थरातील करड्या छटांवरून कोणता भाग किती चमकावा हे ठरते. नव्या आवृत्त्यांत हे शास्त्र आणखी सूक्ष्म झाले आहे. पृष्ठभाग किती खडबडीत, किती धातूसारखा, पत्र्याला कुठे उंचवटा, यांची माहिती वेगळ्या चित्रांतून द्यावी लागते. काम संपले की चित्र ठरावीक स्वरूपात साठवायचे, त्याचा वेगळा फोल्डर करायचा आणि विमानाच्या माहितीच्या फाइलमध्ये चार-पाच ओळी लिहून नव्या वस्त्राची नोंद करायची. एक स्वल्पविराम चुकला तरी विमान यादीत दिसत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आरसा. जागा वाचवण्यासाठी काही प्रारूपांत डाव्या-उजव्या बाजूंना एकच चित्र वापरलेले असते. रंगापुरते ते चालते, अक्षरे मात्र एका बाजूला उलटी उमटतात. भारतीय मिराजच्या अंगावर एका आसनाच्या विमानासाठी 'केएफ' आणि दोन आसनांच्या विमानासाठी 'केटी' या रोमन अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असतात. ते दोन्हीकडे सुलट यावेत म्हणून भाच्याने तीन संध्याकाळी घालवल्या, हे मी पाहिले आहे.

छायाचित्रांचाही प्रश्न होताच. महाराजपूर हा लष्करी तळ आहे. तेथे छायाचित्रे काढता येत नाहीत आणि काढूही नयेत. त्यामुळे मासिकांत व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालेली चित्रे जमवून त्यांवरून तो काम करी. एकाच विमानाचा निळसर करडा रंग एका चित्रात ढगासारखा, तर दुसऱ्यात शिशासारखा दिसे. "मामा, खरा कोणता?" असे तो विचारी. मी म्हणे, "जो गच्चीवरून दिसतो तो." वैद्यकी करणाऱ्याने इतके सैल उत्तर द्यायला नको होते.

तपकिरी टिकली

दिवाळीच्या सुटीत काम पूर्ण झाले. दुपारी मी रुग्ण तपासत असताना तो धावत खाली आला आणि हात धरून मला वर घेऊन गेला. पडद्यावर मिराज उभे होते. सांधे, ओघळ, क्रमांक, सर्व काही जागच्या जागी. पंखावर आपल्या वायुसेनेचे वर्तुळचिन्ह होते. फ्रेंच चिन्हातही तीनच वर्तुळे असतात : बाहेर तांबडे, मध्ये पांढरे, आत निळे. आपल्या चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. म्हणजे वर्तुळे तयारच होती, रंग तेवढे बदलायचे होते.

मी म्हणालो, "उत्तम झालंय. फक्त मधली टिकली तपकिरी कशी काय?"

"मामा, हिरवी तर आहे!"

"अरे, तपकिरी आहे."

त्याने पडद्याजवळ तोंड नेले, मान हलवली आणि पुन्हा म्हणाला, "हिरवीच आहे."

मी हसलो. "मग तुझा पडदा बिघडलाय," असे म्हणून पडद्याच्या कडेची बटणे दाबून मी हिरवा रंग वाढवला. सबंध विमानच हिरवट दिसू लागले, तेव्हा पुन्हा होते तसे केले. खाली रुग्ण खोळंबले होते. "नंतर बघू," म्हणून मी जिना उतरलो. ते 'नंतर' चार वर्षांनी आले.

सुज्ञ वाचकांच्या, विशेषतः व्यवसायबंधूंच्या लक्षात सारे आलेच असेल. गडद हिरवा आणि तपकिरी यांतला घोटाळा हे तांबड्या-हिरव्या रंगदृष्टिदोषाचे पाठ्यपुस्तकातले लक्षण. चौदा वर्षांच्या मुलाने ते स्वतःच्या हाताने रंगवून माझ्यासमोर मांडले होते. मी पडदा तपासला. डोळे तपासले नाहीत.

अण्णांची साडी

२०१७ साली भाचा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. निवड मंडळाच्या कसोटीतूनही पार पडला. घरात पेढे वाटले गेले. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि रंगांच्या ठिपक्यांतले आकडे त्याला वाचता आले नाहीत. उड्डाण शाखेसाठी रंगदृष्टी सर्वोच्च श्रेणीची लागते, आणि ते योग्यच आहे. रात्रीच्या वेळी तांबडा व हिरवा दिवा ओळखण्यावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात. त्याने अर्जात पहिल्यापासून दुसरा विचारच ठेवला नव्हता. दार बंद झाले.

त्या रात्री बहिणीने विचारले, "दादा, हे आलं कुठून? आमच्याकडे कोणालाच नाही." उत्तर देताना मला आमचे अण्णा आठवले. अण्णा पेरू घेताना एकेक फळ दाबून, हुंगून घेत. आई थट्टा करी, की हे डोळे मिटून बाजार करतात. १९९९ मध्ये बहिणीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी आणायला ते हौसेने एकटेच गेले आणि तपकिरी साडी घेऊन आले. आम्ही महिनाभर हसत होतो. तेव्हा बहिणीच्या पोटात हाच भाचा होता.

या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. आजोबांचा दोष मुलीकडे जातो. तिच्या दुसऱ्या एक्स गुणसूत्रामुळे तो तिच्यात बहुधा दिसत नाही. तिच्या मुलात मात्र तो प्रकट होण्याची शक्यता निम्मी असते. मुलाला बापाचे एक्स गुणसूत्र मिळतच नाही, म्हणून मी सुटलो. हे सारे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आपल्या घरच्या जेवणाच्या पंगतीला हीच वंशावळ बसलेली आहे, हे मात्र कधी सुचले नाही.

यात समाधान मानायचे तर एवढेच, की ही चूक करणारा मी पहिला नव्हे. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन स्वतः या दोषाचा धनी होता. १७९४ साली त्याने त्याविषयी निबंध वाचला आणि आपल्या डोळ्यातला द्राव निळसर असावा असा तर्क केला. मृत्यूनंतर डोळे तपासावेत असे त्याने सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये ते तपासले तेव्हा द्राव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या अवशेषांतील जनुके १९९५ साली तपासली गेली, तेव्हा हिरव्या रंगाच्या शंकुपेशींतला दोष सिद्ध झाला. स्वतःच्या डोळ्यांविषयी डाल्टनचाही अंदाज चुकला. रंग न दिसणाऱ्याला काही उणे आहे असे वाटतच नाही, कारण त्याने दुसरे जग पाहिलेलेच नसते. ते उणे दुसऱ्यानेच पाहायचे असते.

आकड्यांतले रंग

सहा महिने भाच्याने तो खेळ उघडला नाही. मग एके दिवशी तो दवाखाना बंद होण्याच्या वेळी आला, समोर बसला आणि म्हणाला, "मामा, तू तेव्हा म्हणाला होतास ना, टिकली तपकिरी आहे. मग तपासलं का नाहीस?"

मी खरे तेच सांगितले. "मला वाटलं, पडदा बिघडलाय."

तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "चल वर. ती नीट करू."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून जे शोधले, ते चित्रकाम करणाऱ्यांना नवे नाही. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे : तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश किती, हे शून्य ते २५५ या मापात. त्यांच्या मेळातून १,६७,७७,२१६ रंग होतात. गंमत अशी, की ४०९६ ठिपक्यांच्या चौकोनातील एकूण ठिपकेही नेमके तितकेच. आपल्या तिरंग्याचे रंग पडद्यावर दाखवताना केशरीसाठी सामान्यतः २५५, १५३, ५१ आणि हिरव्यासाठी १९, १३६, ८ हे आकडे वापरतात. त्याच्या जुन्या टिकलीवर रंग मोजणारे साधन ठेवले, तेव्हा तांबड्याचा आकडा हिरव्याहून मोठा निघाला. डोळ्यांना जे दिसले नाही ते आकड्यांनी क्षणात दाखवले. त्याने टिकली बदलली. त्याला ती आधी होती तशीच दिसत होती. ती बदलल्याचे मी त्याला सांगितले आणि त्याने विश्वास ठेवला.

तेव्हापासून त्याने नियम केला. एकही रंग डोळ्यांनी निवडायचा नाही. प्रत्येक थराला नाव आणि तीन आकडे. छायाचित्रातला रंग घ्यायचा, तर पाच-सहा ठिकाणी मोजून मधला धरायचा. एरवी धडधाकट डोळ्यांचे लोक अंदाजाने रंग भरतात. हा मोजून भरतो, म्हणून त्याचे काम अधिक नेमके उतरते.

पुढे त्याने एअर इंडियाचे बोईंग ७४७ घेतले. १९७१ साली 'एम्परर अशोक' हे पहिले जंबो आले, तेव्हा या विमानांच्या प्रत्येक खिडकीभोवती तांबडी झरोक्याची कमान रंगवलेली असे. आकाशातला महाल, अशी ती कल्पना होती. एक कमान काढून तिच्या प्रती ओळीने मांडणे सोपे. पण नाकाकडे धड निमुळते होते, तेथे चित्र ताणले जाते आणि कमानी लवंडतात. तेथील प्रत्येक कमान हाताने उलट दिशेला कलती काढावी लागली, म्हणजे विमानावर ती उभी दिसते. शिवाय एका बाजूला रोमन आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी 'एअर इंडिया', त्यामुळे आरशाचे चित्र चालणार नव्हते. कंपनीच्या नंतरच्या जंबो विमानांपैकी एकाचे नाव 'अजंता' होते, म्हणून त्याने तेच निवडले. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोंपैकी एकाने मुंबईहून मोडीत निघण्यासाठी उड्डाण केले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने नवे रंगरूप जाहीर केले, त्यात झरोक्याची आठवण सोनेरी खिडकीच्या आकारात उरली आहे. तांबड्या कमानींचे जंबो आता पाहायचे, तर ते अशा हौशी लोकांच्या पडद्यांवरच उडताना दिसते.

ग्वाल्हेरकरांना आवडेल असे आणखी एक काम त्याच्या मनात आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंपीरियल एअरवेजच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा मार्ग कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करीत कलकत्त्यास जात असे. त्या रुपेरी विमानांना 'कॅनोपस'सारखी 'सी' या अक्षराने सुरू होणारी नावे होती. आपल्या गावच्या पाण्यावर उतरणारे ते विमान रंगवायला रंग फारसे लागत नाहीत, लागते ती धातूची चमक. "हे काम माझ्यासाठीच आहे मामा," असे तो हसत म्हणतो.

आज तो पुण्यात संगणकावरील त्रिमितीय आकृत्यांचेच काम करतो. वैमानिक न होण्याचे दुःख गेले, असे मी म्हणणार नाही. आकाशात मिराज गेले की तो अजूनही बोलणे थांबवतो.

आपल्या हाती काय आहे?

वाचकहो, या दोषावर आज सर्रास वापरता येईल असा उपचार नाही. पण तो वेळेवर कळणे आपल्या हाती आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातील सुमारे आठ जणांना आणि स्त्रियांत दोनशेंत एकीला तो असतो. भारतातील पाहण्यांत प्रमाण त्याहून कमी आढळते, तरीही प्रत्येक मोठ्या शाळेत अशी काही मुले असणारच. शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ठिपक्यांच्या तक्त्यांची पुस्तिका आजही पुरेशी आहे. दिवसाच्या उजेडात, सुमारे ७५ सेंटिमीटरवरून, दर तक्त्यास तीनेक सेकंद. आकडे न येणाऱ्या बालकांसाठी वळणदार रेघांचे तक्तेही असतात. ही तपासणी मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर करू नये. पडद्याचे रंग कसे असतात, हे मी महाग किंमत देऊन शिकलो आहे.

शाळांतील आरोग्य तपासणीत आपण दात पाहतो, वजन घेतो, चष्म्याचा नंबर काढतो. त्यात ही पाच मिनिटांची तपासणी आठ-दहा वर्षांच्या वयातच घालावी, अशी व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. वैमानिक, रेल्वेचालक, नौसैनिक होण्याची स्वप्ने त्याच वयात रुजतात. आठव्या वर्षी कळलेली गोष्ट मूल सहज पचवते आणि दुसरी वाट धरते. अठराव्या वर्षी, पेढे वाटून झाल्यावर कळलेली गोष्ट सबंध घराला जड जाते. आणि पालकांना एवढेच सांगतो, की आजोळच्या आजोबांच्या रंगांवरून घरात कधी थट्टा झाली असेल, तर ती आठवून पाहावी आणि नातवाला डॉक्टरांकडे न्यावे.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. नव्या आवृत्तीसाठी केलेले मिराज त्याने दाखवले. पत्र्यांच्या सांध्यांवर उन्हाची तिरीप पडत होती. जुने, तपकिरी टिकलीचे विमानही त्याने मोडलेले नाही. त्याच संगणकात एका फोल्डरमध्ये ते ठेवले आहे. माझ्या तपासणीच्या टेबलावर आता इशिहारांची पुस्तिका असते. कोणीही आई मुलाला खोकल्यासाठी घेऊन आली, तरी खोकला पाहून झाल्यावर मी ती उघडतो.